आठवीच्या मुलांना खोटा मेसेज दाखवण्याआधी

ताई, आठवीला व्हॉट्सअॅपवरच्या अफवा ओळखायला शिकवायचंय, मुख्याध्यापक म्हणतात वरून लेखी आणा आणि वरचे म्हणतात असा विषयच नाही, हे तुमचं वाचलं आणि मला २०१८चा डिसेंबर आठवला. फोटो कसा शोधायचा, तारीख कुठे बघायची हे तुम्हाला येत असणारच, ते सोडतो. मी काय माती खाल्ली ते सांगतो.

त्याच वर्षी १ जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं होतं. त्या दिवसांत मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा एक व्हिडिओ फिरत होता. मूळ फिल्म कराचीतल्या एका संस्थेची, पालकांनी सावध राहावं म्हणून केलेली. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. आपल्याकडे आली ती शेवट कापून. मी वर्गात दोन्ही रूपं दाखवली, पोरं गप्प झाली. तास रंगला म्हणून मला चेव आला.

तेव्हा गोवर-रुबेला लसीची मोहीम शाळाशाळांतून चालू होती. मी लसीबद्दलच्या एका खोट्या मेसेजच्या चाळीस झेरॉक्स काढल्या आणि घरी तपासायला दिल्या. तळाला बारीक अक्षरात ‘हा मजकूर खोटा आहे’. कोणीतरी फोटो काढला, तळाची ओळ कापली गेली, आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर ‘शाळेनेच कागद दिलाय’. कापलेल्या शेवटाचा धडा सकाळी शिकवणारा मीच! लसीच्या दिवशी माझ्या वर्गातली अकरा पोरं गैरहजर.

म्हणून खोट्या मजकुरावर आडवं, जाड, लाल ‘खोटं’ लिहा, अक्षरांवरूनच. कापायचं म्हटलं तरी कापता येऊ नये. आणि कागद तासानंतर मोजून परत घ्या.

खुलासा द्यायला एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. चूक काय झाली हे कोणी विचारलं नाही. ‘परवानगीचा जावक क्रमांक काय’ एवढंच. परवानगीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर चार महिने पडून होता. असो, रक्तदाब वाढतो.

शाळेत खोट्या बातम्या ओळखायला शिकवण्याचं म्हटलं की जो तो फिनलंडचे दाखले देतो. अहो, केरळ बघा. २०१७-१८च्या सुमारास कन्नूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाने हेच तास सुरू केले, तेही लसीच्या अफवांनी वैतागून. २०२२ मध्ये राज्याने १९ लाखांहून जास्त मुलांना हे शिकवलं, २०२४ला पाचवी आणि सातवीच्या आयसीटीच्या, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या, पुस्तकात आलं. तिथे जिल्हाधिकारीच पुढे झाला, हा फरक आहे.

एक माझं मत, पटलं तर घ्या. ‘कशावरच विश्वास ठेवू नका’ असं शिकवू नका. माझी एक बॅच तशी झाली, खरी बातमी दाखवली तरी ‘सर, एडिटेड असेल’. राजकारणाचे मेसेज तर पहिल्या वर्षी अजिबात नकोत.

परवानगीचं म्हणाल तर नववी-दहावीच्या मराठीत बातमी लिहायची असतेच. त्याची तयारी म्हणून तुमच्याच मराठीच्या तासाला घ्या आणि टाचणात, म्हणजे तासाला काय शिकवणार त्या नोंदीत, ‘बातमीलेखन’ लिहा. नियमात बसतं का ते मला विचारू नका, मी साधा मास्तर. पण टाचणावर सही करताना आमच्या मुख्याध्यापकांनी आजवर काही विचारलेलं नाही.