स्थलांतर थांबवलं तर मुंबईतली गर्दीची ठिकाणं दहशतवादापासून सुरक्षित होतील का?

नाही होणार. बाहेरून येणारे लोंढे थांबवा, बांगलादेशी हुडकून काढा, की दादर आणि सीएसएमटीला निर्धास्त फिरता येईल, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. हे वाक्य आमच्या घरात मी वर्षानुवर्षं ऐकतेय. जेवताना, लग्नकार्यात, एकदा तर कुणाच्या तेराव्यालासुद्धा. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माझा दादा त्यातल्या एका गाडीत होता. सेकंड क्लासचा पास होता त्याचा, पण डबा फर्स्ट क्लासला लागून, मधे फक्त पत्रा. गाडी माटुंगा रोड सोडून माहीमकडे निघाली होती.

मोबाइल लागत नव्हते. वहिनी घरी लहान मुलाला घेऊन टीव्हीसमोर, आणि मी नि बाबा कांदिवलीहून मिळेल त्या वाहनाने, मग पायी. भाभा, हिंदुजा, शेवटी सायन. भिंतींवर हाताने लिहिलेल्या याद्या चिकटवलेल्या होत्या आणि त्यात 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे 35' अशा ओळी. बाबा प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होते. दादा सायनला सापडला. मांडीचं हाड मोडलेलं, पाठीत काचा आणि पत्र्याचे तुकडे, दोन्ही कानांचे पडदे फाटलेले. आम्ही हाका मारत होतो, त्याला काही ऐकू येत नव्हतं.

तो तिथपर्यंत पोचला कसा? ॲम्ब्युलन्सने नाही. रुळांलगतच्या झोपड्यांतले लोक आपापल्या घरातल्या चादरी घेऊन धावले होते. चादरीच्या चार टोकांना चार माणसं, असं करून त्यांनी जखमींना रस्त्यापर्यंत नेलं आणि टेम्पो, टॅक्सी, जे थांबेल त्यात घातलं. दादाला आणणाऱ्याने केसपेपरवर स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं म्हणून तो माणूस आम्हाला नंतर सापडला. दादा चालायला लागल्यावर आई हट्टाने त्याच्याकडे गेली, नवी चादर आणि पेढे घेऊन. मधुबनीचा माणूस, धारावीत बॅगांच्या कारखान्यात कामाला, एका खोलीत गाववाल्यांसोबत राहणारा. त्याने पेढे घेतले, चादर घेईना. म्हणाला, पायांकडचं टोक याने धरलं होतं, याला द्या. तो दुसरा मुर्शिदाबादचा, जरीकाम करणारा. बंगाली बोलणारा मुसलमान. आईने त्याच्या हातात चादर दिली आणि तिथेच रडली.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच पावसाळ्यात आमच्या सोसायटीने ठराव केला की 'बाहेरच्या' माणसाला जागा भाड्याने द्यायची नाही. चेअरमन माझे सख्खे मामा. तळमजल्यावर आझमगढचा एक मुलगा राहत होता. करारनामा झालेला, पोलीस ठाण्यात माहिती दिलेली, सगळं कायदेशीर. त्याला महिन्याभरात जायला लावलं. मी सभेत उभी राहिले आणि विचारलं की याचा गुन्हा काय. मामा म्हणाले, "तुझ्या भावाचे कान गेले, आणि तू त्यांची बाजू घेतेस?" मी म्हटलं, भावाला उचललं कोणी ते आधी सांगा. सभा तिथेच मोडली. मामा नि मी आजही या विषयावर एकमेकांचं ऐकून घेत नाही.

पण हा नुसता माझ्या भावनेचा प्रश्न नाही, मुंबईवरच्या हल्ल्यांचा इतिहासच बघा. 1993 च्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी-शेखाडीला उतरलं. ते उतरलं कारण कस्टम्स आणि पोलिसांतली काही माणसं पैसे खाऊन गप्प बसली. न्यायालयाने त्यांना शिक्षा दिलीय. 257 माणसं गेली, आणि रस्ता मोकळा करून देणारे सरकारी पगारावरचे होते. 26 नोव्हेंबर 2008 चे दहा जण कराचीहून समुद्रमार्गे आले, वाटेत 'कुबेर' ट्रॉलर ताब्यात घेतला, आणि बधवार पार्कला उतरले. मुंबईत त्यांनी कुणाकडे खोली घेतली नव्हती. कसाबकडे सापडलेलं ओळखपत्र खोटं होतं, हैदराबादच्या कॉलेजचं आणि हिंदू नावाचं. त्यांच्यासाठी शहराची पाहणी केली डेव्हिड हेडलीने. अमेरिकन पासपोर्ट, रीतसर व्हिसा, ताडदेवला ऑफिस. ऑफिस कसलं, तर लोकांना परदेशात स्थायिक व्हायला मदत करणारं! त्या गोऱ्या माणसाला मुंबईत जागा सहज मिळाली, आणि आमच्या आझमगढच्या मुलाला नाही मिळाली. 2003 ला गेटवेजवळ टॅक्सीत बॉम्ब ठेवला गेला, तेव्हा जेवायला गेल्यामुळे टॅक्सीवाला वाचला आणि त्याने दिलेल्या माहितीवरून पोलीस आरोपींपर्यंत पोचले. तो टॅक्सीवालाही उत्तरेकडचाच.

26/11 नंतर लोक कशावर चिडले तेही आठवा. 3 डिसेंबरला गेटवेला प्रचंड गर्दी जमली होती, मीही गेले होते. ताजबद्दल बोलणारे ढीगभर, सीएसटीच्या (आताच्या सीएसएमटीच्या) हॉलमध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत बसलेल्या माणसांबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं. पन्नासहून जास्त माणसं तिथे मेली. गावी निघालेली बरीचशी, पिशव्या आणि पोरंबाळं घेऊन. बाहेरचे म्हणून ज्यांना आपण शिव्या देतो तेच तिथे पहिले मेले.

मग गर्दीची ठिकाणं सुरक्षित कशाने होतील? स्टेशनच्या दारातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटी काढून टाकल्या तरी चालतील अशी माझी समजूत आहे. चौकट सतत वाजते, शेजारून मोकळी वाट असते आणि पीक अवरला कुणाची बॅग उघडणार? त्यापेक्षा रुंद पूल, मोकळे जिने आणि नीट ऐकू येणारी घोषणा यांचा उपयोग जास्त. 26/11 ला सीएसटीला रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडेंनी केबिनमधून घोषणा करून प्रवाशांना गोळीबारापासून दूर, मागच्या बाजूने बाहेर काढलं. किती जीव वाचले असतील त्या एका माइकमुळे! उलट 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, तिथे ना बॉम्ब होता ना बंदूक. बेवारस बॅग दिसली तर हात न लावता 139 किंवा 112 ला कळवायचं, हे तुम्हाला माहीत असेलच.

आणि तपास. 21 जुलै 2025 ला उच्च न्यायालयाने 2006 च्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलंय, त्यावर मी बोलणार नाही. पण एकोणीस वर्षांनी दादाला कुणीतरी खात्रीने सांगायला हवं होतं की तुझ्यासोबत हे कोणी केलं. त्यासाठी मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. भाडेकरूला हाकलायला मात्र सगळे एका दिवसात एकत्र येतात.

आता काही गोष्टी नीट सांगते, नाहीतर लोक वेगळाच अर्थ काढतील. बेकायदा घुसखोरी थांबलीच पाहिजे. खोटे जन्मदाखले करून देणारे, त्यात सही ठोकणारे बाबूसुद्धा, आत गेले पाहिजेत. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला कायद्याने, चौकशी करून परत पाठवा. मराठी मुलांच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावर तर मी मामांच्याच बाजूने आहे, तो वेगळा विषय आहे. पण 2025 च्या जूनमध्ये बंगालच्या काही मजुरांना इथून उचलून बांगलादेशात ढकललं, आणि ते भारतीयच निघाले म्हणून परत आणावं लागलं. त्यात एक मुर्शिदाबादचा होता हे वाचल्यावर मी दोन रात्री झोपले नाही. अशाने कुठलं स्टेशन सुरक्षित झालं?

तुम्ही जागा भाड्याने देत असाल तर भाडेकरूची माहिती पोलिसांना जरूर द्या. मराठी असो, गुजराती असो, परदेशी असो, सगळ्यांची द्या. आडनाव बघून निवड करू नका.

आणि मामा, ही लिंक कुणीतरी तुम्हाला पाठवेलच. तो ठराव अजून सोसायटीच्या दप्तरात आहे. तो रद्द करायचा विषय येत्या वार्षिक सभेसाठी मी सेक्रेटरींकडे लेखी दिलाय, दादाची आणि वहिनीचीही सही आहे. विरोध करायचा असेल तर सभेत उभं राहून करा.