पावसात आपोआप सुधारलेला एसडब्ल्यूआर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गच्चीवर आपण हौशी रेडिओसाठी ८० मीटर पट्ट्याची इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीच्या आकाराची तारेची अँटेना, बांधली. मे महिन्यात ३.६ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचे माप; १ म्हणजे काहीच नाही) २.५ होता, पाऊस लागल्यावर काहीही न करता तो १.३ वर आला, आणि तरीही पूर्वी सहज उत्तर देणारे पुण्याचे स्टेशन आता आपल्याला ऐकतच नाही, असे आपण लिहिले आहे. तार अजून किती कापावी, हा आपला प्रश्न आहे. कृपया तारेला हात लावू नका. आपली पोस्ट वाचताना मला माझेच दोन पावसाळे आठवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी अभियंता नाही, बँकेत नोकरी केलेला माणूस आहे, तेव्हा माझ्या आकडेमोडीत कोणाला चूक दिसल्यास त्यांनी अवश्य दुरुस्त करावी.

माझे घर शिवाजी पेठेत आहे. अँटेना चढवली तेव्हा एका दुकानातून कोॲक्सचे, म्हणजे रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या केबलचे, तीस मीटरचे भेंडोळे आणले. दुकानदाराने ‘मिलिटरी क्वालिटी’ असे छातीठोकपणे सांगितले आणि मी आवरण सोलून आतली जाळी किती विरळ आहे हे पाहण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही. परंतु खरी चूक दुकानदाराची नव्हती, माझी होती. वरच्या टोकाला मधली तार आणि जाळी वेगळी करून दोन्ही बाजूंना डाख दिला आणि त्यावर नुसती काळी पीव्हीसी टेप गुंडाळली. उन्हाने त्या टेपचा चिकटपणा गेला. पुढे जाळीने वातीसारखे पाणी ओढले आणि ते उतारावरून थेट खोलीत आणले.

खोलीत आणले हे मी अक्षरशः म्हणतो आहे. श्रावणात रिगच्या (रेडिओ संचाच्या) मागे टेबलावर रोज सकाळी रुपयाएवढा ओला डाग दिसायचा. घरच्यांनी स्लॅब गळतो असा निष्कर्ष काढला, मलाही तो पटला, आणि गच्चीला वॉटरप्रूफिंग करून घेतले. त्यानंतरही डाग पडतच राहिला. पाणी पीएल-२५९ कनेक्टरच्या कडेने थेंबाथेंबाने गळत होते आणि त्याच वेळी मीटर मला १.२ दाखवत होता. मी तो आकडा सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या गप्पांत) अभिमानाने सांगत असे आणि समोरचे गृहस्थ ‘आपला सिग्नल फारच खाली आहे’ असे सौजन्याने म्हणत असत. उन्हाळ्यात केबल थोडी वाळली की एसडब्ल्यूआर चढायचा, मग मी तार थोडी कापायचो. पावसात तो उतरला की कापणे यशस्वी झाले असे समजायचो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. या नादात धडधाकट तारेचे तुकडे मात्र पडले.

याचे कारण असे की रिगजवळचा मीटर अँटेनावरून परत आलेली शक्ती मोजतो, आणि ती शक्ती केबलमधून एकदा जाताना व एकदा परतताना अशी दोनदा झिजलेली असते. केबल जितकी खराब, तितके कमी परत येते आणि तितका मीटर खूश होतो. आपल्याच आकड्यांवरून पाहा: एसडब्ल्यूआर २.५ म्हणजे रिटर्न लॉस (परत आलेली शक्ती पाठवलेल्या शक्तीपेक्षा किती कमी) सुमारे ७.४ डेसिबल आणि १.३ म्हणजे सुमारे १७.७. अँटेना तीच आहे असे धरले तर फरक दहा डेसिबलचा, म्हणजे एका दिशेच्या प्रवासात पाच डेसिबलचा जादा तोटा. आपल्या १०० वॅटमधील जेमतेम तीस वॅट तारेपर्यंत पोचत असावेत, बाकीचे केबल तापवण्यात जात आहेत. पावसाने जमीन आणि तारेचे आवरण ओले झाले की अनुनाद (तार ज्या वारंवारतेला सर्वात चांगली जुळते ती) थोडा खाली सरकतो हे खरे, पण त्याने एसडब्ल्यूआरचा वक्र फक्त बाजूला सरकतो, सपाट होत नाही. आपल्या उंचीवरची ८० मीटरची तार ३.५ ते ३.७ मेगाहर्ट्झच्या दोन्ही कडांना एसडब्ल्यूआर चढवतेच, आणि ती चढवत नसेल तर संशय केबलवर घ्यावा.

तपासणी सोपी आहे. वरच्या टोकाला केबल अँटेनापासून सोडवा, टोक उघडेच ठेवा, आणि खाली ॲनालायझर किंवा नॅनोव्हीएनए (एसडब्ल्यूआर मोजणारी छोटी उपकरणे) लावून पाच-सहा वारंवारतांवर वाचन घ्या. ट्रान्समीटरने हे करू नका, उघड्या केबलवर शक्ती सोडणे रिगला मानवत नाही. चांगल्या केबलचे उघडे टोक जवळजवळ सगळे परत पाठवते. तीस मीटर आरजी-५८ (बारीक प्रकारची कोॲक्स) असेल तर ३.६ वर एसडब्ल्यूआर दहाच्या आसपास दिसला पाहिजे. ३ दिसला तर निम्मी शक्ती केबलमध्येच संपते, २ दिसला तर एक तृतीयांशच पोचते. माझ्या केबलने २ दाखवला होता. अँटेना गच्चीवर लोंबकळत होती, केबलला काहीही जोडलेले नव्हते, आणि मीटर २ म्हणत होता! आवरण चिरल्यावर आतली जाळी काळीहिरवी पडून तिची पूड हाताला लागली. अशी केबल वाळवून वाचत नाही, ती टाकून द्यावी.

नवी केबल लावताना सांध्यावर आधी ताणून गुंडाळायची सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप आणि तिच्यावर उन्हापासून बचावासाठी पीव्हीसी टेप असा क्रम ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तिथे लावू नका, त्यातल्या आम्लाने तांबे खाल्ले जाते. केबल खोलीत शिरण्यापूर्वी खाली झुकणारा एक वळसा द्या, म्हणजे बाहेरून ओघळणारे पाणी तिथेच गळून पडेल.

त्यानंतर २.५ किंवा तीन दिसला तर मी आनंदच मानेन. सुक्या केबलवर २.५ मुळे ८० मीटरला पडणारा जादा तोटा सुमारे ०.३ डेसिबलचा असतो, तो पुण्यात कोणाच्या कानाला जाणवणार नाही. तेवढ्यासाठी ट्यूनर (रिग आणि केबल यांची जुळणी करणारे उपकरण) वापरावा. मात्र ट्यूनर रिगची समजूत काढतो, केबलमधला तोटा भरून काढत नाही, हे लक्षात असू द्या. तरीही तार जुळवायचीच असेल तर कापू नका, टोक मागे दुमडून बांधा. अनुनाद ३.५ वर असेल आणि ३.६ वर हवा असेल, तर एकूण लांबी ३.५ भागिले ३.६ या प्रमाणात घटते, म्हणजे चाळीस मीटरला दोन्ही बाजूंनी मिळून साधारण १.१ मीटर.

सध्या कठडा निसरडा असेल. उघडीप बघून, कोणाला तरी सोबत घेऊन वर जा, आणि विजेची तार जवळून जात असेल तर त्या बाजूला अजिबात जाऊ नका. उघड्या टोकाचे वाचन मिळाले की तो आकडा आणि केबलची लांबी इथे लिहा, तोवर तार आहे तशीच राहू द्या. ७३ (हौशी रेडिओच्या भाषेत शुभेच्छा).