जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय. सोलर-लिथियम आधी करू की आणखी काही?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत २०१३ सालचा २५ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) हेरून ठेवलाय, घरात चार माणसं आहेत आणि सुधारणांसाठी ३,००० डॉलर वेगळे काढलेत. बेत असा की छतावर सोलर, लिथियम बॅटरी, मोठा इन्व्हर्टर. सुरुवात कुठून करू, असं विचारताय.

छतावरूनच करा. पण सोलर चढवायला नव्हे, सांधे बघायला.

मी मिशिगनमध्ये असतो, गेली सात वर्षं २४ फुटी ट्रेलर ओढतोय, आणि तुमचा बेत वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. २००९चा ट्रेलर घेतला आणि महिन्याभरात २०० वॅटचं पॅनल वर चढवलं. शिडीवरून खाली उतरून फोटो काढले, भारतात सगळ्यांना पाठवले. पॅनलपासून हातभर अंतरावर, छत आणि पुढची भिंत जिथे मिळतात त्या पट्टीवरच्या सीलंटला (सांधे बुजवायच्या लेपाला) केसाएवढी भेग होती. दिसली नाही असं नाही. दिसली, आणि ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून खाली उतरलो.

तिसऱ्या उन्हाळ्यात मुलगी म्हणाली, ‘बाबा, उशीच्या बाजूची गादी ओली लागतेय.’ मला वाटलं पाणी सांडलं असेल. कोपऱ्यातला वॉलपेपर किंचित फुगला होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज दाबून बघितलं तर चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटात जावं तसं मुठीपर्यंत आत गेलं. पॅनेलिंग सोलून काढल्यावर आतली चौकटीची लाकडं हाताने चुरडून बाहेर येत होती. तीन वीकेंड गेले. पैसे फार लागले नाहीत, कारण मजुरी माझीच होती. पण तेच काम दुकानात दिलं असतं तर ट्रेलरच्या किमतीच्या निम्मे तरी गेले असते.

हे होतं कारण या गाड्या बांधल्याच तशा जातात. इंडियानातल्या एल्खार्ट गावाच्या आसपास अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही (राहता येण्याजोग्या गाड्या आणि ट्रेलर) बनतात, आणि त्यातल्या साध्या ट्रेलरची भिंत म्हणजे बारीक लाकडी चौकट, मध्ये काचलोकर, आतून पातळ प्लायवूड, बाहेरून पत्रा किंवा फायबरग्लास. हे घर ताशी ६० मैलांनी खड्ड्यांवरून न्यायचं म्हणजे रोज एक छोटा भूकंपच. सांधे हलतात, सीलंट उन्हाने कडक होऊन तडकतं, आणि पाणी आत शिरतं. ते शिरतं एकीकडे आणि दिसतं तिसरीकडेच. इंजिन बिघडलं तर आवाज येतो, टायर फुटला तर कळतो. पाणी मात्र वर्षानुवर्षं गुपचूप काम करतं.

माझी आई संगमेश्वरकडची. ती इथे आली होती तेव्हा मी छतावर पालथा पडून सीलंट भरत होतो. खालून म्हणाली, ‘म्हणजे शाकारणीच की रे ही!’ अगदी तेच. मृगाच्या आधी कौलं चाळून, फुटकी बदलून घर शाकारतात, तशी या घराची शाकारणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. आमच्या घरी आता तोच शब्द रूढ झालाय.

करायचं काय, तर छतावर प्रत्येक भोकाभोवती हात फिरवा: व्हेंट, एसी, प्लंबिंगचे पाइप, अँटेना, पुढची-मागची पट्टी. छताच्या आडव्या भागावर आपोआप पसरून सपाट होणारं लॅप सीलंट लागतं. उभ्या भागाला न ओघळणारं. तुमच्या छतावर रबर आहे की टीपीओ (प्लास्टिकसारखं आवरण) हे आधी बघून त्याला चालेल असंच घ्या. जुनं सीलंट घट्ट चिकटलेलं असेल तर खरवडू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावरच नवा थर द्या. सुटलेलं मात्र काढाच. पेट्रोलियम असलेला क्लीनर रबराला लावू नका, रबर फुगतं. आणि घरातलं बाथरूमचं सिलिकॉन कृपा करून वर नेऊ नका. ते एकदा लागलं की पुढे त्यावर दुसरं काहीच धरत नाही, आणि आधीच्या मालकाने तो पराक्रम केलेला असतोच. बाजूचे मार्कर दिवे आणि खिडक्यांच्या चौकटीही विसरू नका. एवढ्या सगळ्याला ३,००० मधले फार तर दीड-दोनशे लागतील.

पुढचा खर्च टायरचा. ट्रेलरचे टायर झिजून नव्हे, वयाने मरतात. टायरच्या बाजूवर डॉट (डीओटी) क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचे असतील तर नक्षी कितीही कोरी दिसो, बदला. ट्रेलरचा टायर फुटतो तेव्हा पत्रा, गॅसची लाइन, चाकावरचं मडगार्ड सगळं फाडत जातो. नवीन चाकं लावल्यावर ५० ते १०० मैलांनी नट पुन्हा टॉर्क रेंचने घट्ट करा. चाकाच्या बेअरिंगना ग्रीस कधी भरलं होतं हे विकणाऱ्याला विचारा. तो आठवायला लागला तर ‘कधीच नाही’ असं समजून चला.

आता तुमच्या आवडीचा विषय. सोलर-लिथियमच्या मी विरोधात नाही, माझ्याकडे दोन्ही आहे. फक्त गणित करून घ्या. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॅट-तास. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी १,३०० ते १,५०० वॅट खातो. म्हणजे एक बॅटरी एसीला तासभरही पुरत नाही. ‘सोलरवर एसी चालवू’ हे तुमच्या बजेटमध्ये बसणारं स्वप्न नाही, ते आजच सोडा. दिवे, पाण्याचा पंप, फोन, पंखा आणि रात्री हीटरचा ब्लोअर एवढंच हवं असेल तर मात्र एक लिथियम आणि २०० वॅटचं पॅनल चौघांना छान पुरतं. चांगल्या उन्हात ते पॅनल दिवसाला ५०-६० अँपिअर-तास परत देतं. झाडीतली जागा मिळाली तर याच्या पावही नाही, आणि मिशिगनमधल्या सगळ्या चांगल्या जागा नेमक्या झाडीतच असतात.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, २०१३च्या ट्रेलरमधला कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा डबा, शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेला आहे. तो लिथियम पूर्ण चार्ज करणार नाही, म्हणून त्याचे दोनशे-अडीचशे डॉलर हिशोबात धरा. दुसरी, लिथियम शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज करायची नसते, आतून कायमची खराब होते. कमी तापमानात चार्जिंग आपोआप तोडणारी घ्या, किंवा थंडीत काढून तळघरात ठेवा. वजनाला बारा किलोच्या आसपास असते, शिशाच्या धोंड्यासारखी कंबर मोडत नाही.

विजेबद्दल आणखी एक, आणि हे गंभीर आहे. तुमचा ट्रेलर बहुधा ३० अँपचा असेल. घरी उभा करून प्लग लावायला इलेक्ट्रिशियन बोलावलात तर त्याला बजावून सांगा की हे ३० अँप, १२० व्होल्ट आहे. तीन पायांचा मोठा प्लग बघून कपड्यांच्या ड्रायरचं समजून २४० व्होल्ट जोडल्याचे किस्से ढिगाने आहेत, आणि त्यात मायक्रोवेव्हपासून कन्व्हर्टरपर्यंत सगळं एका क्षणात जळतं. कॅम्पग्राउंडवरच्या विजेच्या खांबावर भरवसा नको म्हणून एक चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्या. व्होल्टेज कमी असलं तरी वीज तोडणारा. आणि ३० अँप म्हणजे जेमतेम ३,६०० वॅट: एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावलंत की अंधार.

आत काय बदलू, असंही विचारलंय. आपल्या स्वयंपाकाला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे छतावरचा मोठा पंखा. व्हेंटचं भोक बहुतेक ट्रेलरमध्ये १४ बाय १४ इंचांचं असतं, त्यात बारा व्होल्टचा उलट-सुलट फिरणारा पंखा तसाच बसतो. तो नव्हता तेव्हा मोहरी तडतडली की धुराचा अलार्म बोंबलायचा आणि एक जण टॉवेल घेऊन त्याच्याखाली उभा असायचा. फोडणी झाली तरी ट्रेलर दोन दिवस हिंगाचा. शिवाय चौघांचा श्वास आणि कुकरच्या शिट्ट्या यांची वाफ खिडक्यांवर जमून गाद्यांखाली उतरते. पंखा तीही बाहेर फेकतो. अलार्मवरून आठवलं, गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन्ही डिटेक्टर पाच ते सात वर्षांत बाद होतात. मागे तारीख असते. २०१३चे मूळचेच असतील तर पहिल्या दिवशी बदला, याला बजेट विचारू नका.

संडासाच्या टाकीची सगळ्यांना धास्ती असते. नियम एकच, भरपूर पाणी. पाणी कमी पडलं की मैला सुकून टाकीच्या तळाशी ढीग होतो आणि मग कुठलंही रसायन त्याला हलवत नाही. कॅम्पग्राउंडला गटाराची जोडणी असली तरी त्या टाकीची झडप बंदच ठेवायची, दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम सोडायची, आणि मागून सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी सोडायची म्हणजे पाइप धुऊन निघतो. आपली पाणी वापरायची सवय इथे फायद्याचीच ठरते. फक्त कढईतलं तेल सिंकमध्ये ओतू नका, पुसून कचऱ्यात टाका.

हिवाळ्याआधी पाणी काढणं ओहायोत ऐच्छिक नाही. गरम पाण्याची टाकी थंड झाल्यावरच, दाब सोडून उघडा. ती स्टीलची असेल तर बूचाला जोडलेला अ‍ॅनोड रॉड निघेल; खाऊन तारेएवढा उरला असेल तर नवा घाला, तो टाकीऐवजी स्वतः गंजण्यासाठीच असतो. मग टाकी बायपास करून गुलाबी, बिनविषारी आरव्ही अँटिफ्रीझ पंपाने सगळ्या नळांतून गुलाबी पाणी येईपर्यंत खेचा. दोन-तीन गॅलन पुरतं. गाडीचं हिरवं चालत नाही, ते विष आहे. बाहेरच्या शॉवरचा नळ मी एका वर्षी विसरलो, आणि एप्रिलमध्ये पहिल्यांदा पाणी सोडल्यावर भिंतीच्या आतून फवारा ऐकला. वसंतात गरम पाण्याच्या टाकीत पाणी भरल्याशिवाय तिचा विजेवरचा हीटर लावू नका; कोरडा लावला की त्याची कॉइल काही क्षणांत जळते.

शनिवारी बघायला जाताय ना? पाऊस असला तर रद्द करू नका, उलट बरंच. आत शिरल्यावर आधी नाक वापरा, कुबट वास लपवायला सुगंधी मेणबत्ती ठेवलेली असेल तर तोही वासच समजा. कपाटांचे वरचे कोपरे आणि बिछान्याखालचे कोपरे दाबून बघा, शॉवरपाशी जमीन पायाने दाबा, बाहेरून फायबरग्लासवर तिरका टॉर्च मारून फुगवटा शोधा. शिडी स्वतःची न्या. विकणाऱ्याने ‘वर जायची गरज नाही, छप्पर एकदम टकाटक आहे’ म्हटलं तर मी हमखास वर जातो.