चार नव्हे, तीनच पानं

प्रश्न : १७ मार्चला, सेंट पॅट्रिक डेला (आयर्लंडच्या संताच्या सणाला), आमच्या होम-स्टेत आयरिश पाहुणे आहेत. वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) कुणग्यात, म्हणजे शेतात, चार पानांचं रोप खूप येतं. ते शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडचं पानाचं चिन्ह, म्हणून टेबलावर ठेवलं तर? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नका ठेवू. कुणग्यातलं ते रोप म्हणजे एक नेचा. चार पानांचा क्लोव्हर (चाऱ्याचं एक रोप) नशिबाचा मानतात, पण शॅमरॉक म्हणजे तीनच पानांचा क्लोव्हर. परसातली आंबुटी तीन पानांची असली तरी तिचं कूळ निराळं. त्यापेक्षा मेथीची जुडी आणा. मेथी क्लोव्हरच्याच कुळातली आणि तिचं पानही तीन दलांचं. फक्त वाळूतली मेथी घेऊ नका; ती इतकी कोवळी उपटतात की तिला बहुतेक दोन बीजदलंच असतात. फलकावर सणाचं नाव लिहिताना ‘पॅडी’ लिहा, ‘पॅटी’ नको. पॅट्रिकचं आयरिश रूप पाड्रिग, त्यावरून पॅडी.

प्रश्न : हिरवी बिअर आणि कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) हवंच का? पॅट्रिकने साप हाकलले, हे खरं?

उत्तर : दोन्ही पदार्थ अमेरिकेतले. आयर्लंडात बेकन आणि कोबी शिजतो. तिथले पबच १९६० च्या दशकापर्यंत या दिवशी बंद असत. हिमयुगानंतर तिथे साप पोचलेच नाहीत, मग हाकलणार कुणाला?

प्रश्न : पाहुण्यांसाठी आयरिश सोडा ब्रेड (यीस्टऐवजी खायच्या सोड्यावर फुगणारा) करून पाहिला, तो दगडासारखा होतो. मनुका घालून पाहिल्या.

उत्तर : मनुका नकोतच, मूळ ब्रेड साधा असतो. ४५० ग्रॅम मैदा, एक सपाट चमचा खायचा सोडा, एक चमचा मीठ आणि सुमारे ३५० मिली आंबट ताक घ्या. आपलं जेवणातलं पाणीदार ताक चालत नाही, आंबट दही थोड्याच पाण्यात घुसळा. आंबटपणा कमी पडला तर सोडा उरतो, ब्रेड पिवळट होतो आणि साबणासारखा लागतो.

दगड होतो तो मळल्यामुळे. चपातीच्या सवयीने हात चालतच राहतो, इथे मात्र पीठ जेमतेम गोळा झालं की थांबायचं. गोळा चिकटच हवा. लगेच वर खोल फुली मारून ओव्हनमध्ये सरकवा. पीठ मुरत ठेवलं तर वायू निघून जातो. २३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर २५ ते ३० मिनिटं. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की झाला. हा ब्रेड त्याच दिवशी संपवावा. उरलाच तर सकाळी तव्यावर भाजून लोणी लावा.