कमी लोडवर जनरेटर किती तापायला हवा?

प्रश्न: नमस्कार सर. आमचं लालबागजवळ छोटं मंडळ आहे, मंडळाचा 2 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे, लाईट गेली की किंवा मिरवणुकीत लागतो. आधी हॅलोजन होते तेव्हा चांगला लोडवर चालायचा, आता सगळं एलईडी झालंय आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर, सगळं धरून 250-300 वॅट. एका पोराने तापमान मोजायची गन आणली, ती इंजिनच्या हेडवर (वरचा भाग, जिथे प्लग बसतो) 90 ते 100 डिग्री दाखवते. आवाज कमी व्हावा म्हणून प्लायवूडचं खोकं केलंय, त्यात ठेवला की तोच आकडा 40 ने वाढतो. आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते लोड कमी म्हणजे इंजिनला आराम, दुसरी म्हणते थंड चाललेलं इंजिन लवकर खराब होतं. ऑईलच्या झाकणाला आतून पिवळट पांढरं काहीतरी चिकटतं ते मुंबईच्या दमट हवेमुळे का? — एक वाचक, लालबाग

उत्तर: दुसरी पार्टी बरोबर आहे, पण खोक्याच्या बाबतीत दोन्ही पार्ट्यांनी काळजी करायला हवी. आधी इंजिनचं बघू.

आपल्याकडे लाईट 50 हर्ट्झची, त्यामुळे तुमच्यासारखा साधा जनरेटर लोड असो वा नसो मिनिटाला 3000 फेऱ्यांच्याच आसपास फिरतो, गव्हर्नर म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणारा भाग त्याला तिथेच धरून ठेवतो. दोरी ओढायच्या झाकणामागे फ्लायव्हीलवर पंखा असतो तो पण मग तेवढ्याच वेगाने फिरणार. म्हणजे 250 वॅटला जेवढी हवा फिन्सवर (इंजिन गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांवर) मारली जाते जवळपास तेवढीच फुल लोडला, पण आत जळणारं पेट्रोल मात्र बरंच कमी. उष्णता कमी आणि वारा तेवढाच, म्हणून इंजिन थंड राहतं. अशा एअरकूल्ड इंजिनचं हेड चांगल्या लोडवर साधारण 150 ते 200 डिग्रीपर्यंत जातं आणि त्याला ते झेपतं, ते त्यासाठीच बनवलेलं असतं.

तुमच्या 90-100 वर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर या गन कमी आकडा दाखवतात, धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि गन आजूबाजूचंच वाचते. बाईकच्या सायलेन्सरला मारतात तो काळा मॅट पेंट घ्या, इंजिन गार असताना प्लगच्या बुडाशी रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका मारा, सुकू द्या, मग गन जवळ नेऊन फक्त त्या ठिपक्यावर धरा. काळी इन्सुलेशन टेप लावू नका ती वितळून बसेल. आणि दरवेळी तोच ठिपका, कारण एक्झॉस्टच्या बाजूचा आकडा वेगळा आणि पंख्याच्या बाजूचा वेगळा येतो, मग पोरं भलत्या जागेचे आकडे घेऊन भांडत बसतात.

आता ते पिवळट पांढरं. ते पाणी आहे, ऑईलमध्ये घुसळलेलं. दमट हवेचा थोडा हात असेल पण खरा हात पेट्रोलचाच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, बहुतेक सगळं सायलेन्सरमधून निघून जातं पण थोडे गॅस पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतात. ऑईल चांगलं तापलं, 90 च्या पुढे वगैरे, की ती वाफ ब्रीदरमधून (चेंबरमधले गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निघून जाते. ऑईल कोमटच राहिलं तर ती तिथेच थंड होऊन बसते, त्यात न जळलेलं पेट्रोलही उतरतं, ऑईल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला तर एक तासही पुढे चालवू नका, आधी ऑईल बदला, आणि कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळत नाही ना तेही बघून घ्या.

वरच्या बाजूला प्लगची तीच गोष्ट. प्लगचं टोक साधारण 450-500 डिग्रीच्या वर गेलं तरच त्याच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. कमी लोडवर ते तिथपर्यंत पोचत नाही, काजळी साचते, मग ऐन आरतीला जनरेटर झटके देतो आणि सगळे कार्ब्युरेटरला शिव्या घालतात. प्लग काढून बघा, टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम, कोरडं काळं मखमली असेल तर थंड चालतोय किंवा चोक अर्धवट लागलेला राहतोय, एअर फिल्टर चोंदला असेल तरी असंच होतं. म्हणून लगेच गरम रेंजचा प्लग टाकायची घाई नको, मॅन्युअलमध्ये जो नंबर आहे तोच ठेवा (एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये नंबर जितका मोठा तितका प्लग थंड, हे अनेकांना उलटं वाटतं).

उपाय सोपा आहे, त्याला लोड द्या. दोन जुने 500 वॅटचे हॅलोजन मंडळाच्या माळ्यावर नक्की पडलेले असतील, ते शेवटचा अर्धा तास लावा, म्हणजे ऑईल तापेल, पाणी निघून जाईल, प्लगही साफ होईल. मग हॅलोजन काढून दोन-तीन मिनिटं रिकामा चालवा आणि बंद करा. भर लोडवर एकदम बंद केला तर पंखा थांबतो पण हेडमधली उष्णता तिथेच असते, त्यामुळे बंद केल्यावर थोडा वेळ आकडा उलटा वाढतो, ते बघून घाबरू नका. टाकीत पेट्रोल मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय ओतायचं नाही, कितीही घाई असली तरी. ऑईल बदलायला मॅन्युअल बहुतेक 100 तास किंवा 6 महिने सांगतं, तुमच्या वापराला मी निम्म्यावर बदलेन.

खोकं. हा भाग मला सगळ्यात जास्त खटकला. आकडा 40 ने वाढतो म्हणजे इंजिन अचानक जास्त काम करत नाहीये, पंख्याला मिळणारी हवाच जवळपास तेवढी गरम झालीये, खोक्यात तीच हवा गोल गोल फिरतेय. दोरीच्या झाकणाजवळ साधा थर्मामीटर टांगा, कळेल. कमी लोड आहे म्हणून आज निभावतंय, ज्या दिवशी कोणी त्याच खोक्यात हॅलोजन जोडेल त्या दिवशी हेड 200 च्या पुढे जाईल, ऑईल जळेल, आणि बाजूला प्लायवूड, मंडपाचं कापड, पेट्रोलची टाकी. खोकं वापरायचंच असेल तर थंड हवा यायला एका बाजूला आणि गरम हवा जायला दुसऱ्या बाजूला मोठी भोकं हवीत, आणि सायलेन्सरचा धूर खोक्याच्या पूर्ण बाहेर. मी तर म्हणेन खोकं काढा, जनरेटर लांब ठेवा आणि जाड वायर ओढा.

उघड्यावर ठेवून पण कमी लोडवर आकडा चढत असेल तर दोन गोष्टी बघा. एक गुलाल. मिरवणुकीत पंखा गुलाल ओढतो, फिन्सवर ऑईलचा पातळ थर असतोच, त्यावर तो बसून कडक पापुद्रा होतो आणि फिन्स असून नसल्यासारख्या होतात. विसर्जनानंतर वरचं शीट काढून ब्रशने साफ करा. दुसरं मिश्रण पातळ होणं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणं. आता पंपावर ई20 पेट्रोल (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो म्हणून त्याला जळायला हवा साधारण 7-8 टक्के कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, पण जुन्या कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) ठरलेलं आहे ते जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतं. त्यात जेट थोडं जरी चोंदलं की इंजिन गरम चालतं आणि कमी लोडवर आवाज सारखा वर-खाली होतो, मेकॅनिक त्याला हंटिंग म्हणतात. वर्षातून दहा दिवस चालणाऱ्या जनरेटरमध्ये हे होणारच कारण पेट्रोल टाकीत पडून राहतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. ठेवताना टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा.

आणि मंडळाने एकदा हाही विचार करावा, 250 वॅटला खरं तर जनरेटर लागतच नाही. 12 व्होल्ट 150 एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर एवढा लोड चार तासांच्या आसपास ओढतो, आवाज नाही, धूर नाही.

प्रश्न: वसईला छोटा हॉल आहे, 10 केव्हीएचा डिझेल सेट. लाईट गेली की फक्त पंखे आणि ट्यूब चालतात. सायलेन्सरच्या जोडातून काळं तेलकट गळतंय. मेकॅनिक म्हणतो रिंग गेल्या, इंजिन उघडावं लागेल. — एक वाचक, वसई

उत्तर: दादा, लगेच उघडू नका. डिझेल सेट क्षमतेच्या साधारण 30 टक्क्यांच्या खाली बराच वेळ चालला की सिलेंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी आणि न जळलेलं डिझेल मिळून सायलेन्सरमध्ये साचतं, तेच गळतंय. आधी ऑईल आणि फिल्टर बदला. मग हॉलचे एसी, गिझर जे असेल ते हळूहळू लावत 70-80 टक्के लोडवर एक-दोन तास चालवा, कोणीतरी जवळ उभं राहा, सुरुवातीला बराच काळा धूर येईल. गळणं थांबलं तर रिंग ठीक आहेत. नाही थांबलं आणि ऑईलही कमी होत असेल तर मेकॅनिकचं ऐका. पुढे मात्र महिन्यातून एकदा असा लोड द्यायचा.

प्रश्न: माझं विरारला शिवणकामाचं दुकान आहे. नवा इन्व्हर्टर जनरेटर घेतलाय, इको मोडवर खूप कमी आवाज करतो. इकोमध्ये पंखा पण हळू फिरतो तर इंजिन तापेल का? आवाज कमी आहे म्हणून दुकानामागच्या पॅसेजमध्ये ठेवला तर चालेल ना? — एक वाचक भगिनी, विरार

उत्तर: ताई, तापण्याची चिंता नको. इन्व्हर्टर जनरेटरला 3000 फेऱ्यांचं बंधन नाही, इलेक्ट्रॉनिक्स 50 हर्ट्झ वेगळं बनवतं, म्हणून लोड कमी तर इंजिन हळू, पंखा हळू आणि पेट्रोलही कमी, हिशोब जुळतो. मोटर किंवा इस्त्री लावायच्या आधी इको बंद करा एवढंच.

पॅसेजमध्ये मात्र अजिबात ठेवायचा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत माणसाला कळत नाही आणि झोप आली तर उठताच येत नाही. इको मोड, कमी लोड, कमी आवाज, कशानेही तो सुरक्षित होत नाही, उलट आवाज नाही म्हणून लोक तो आत घेतात. शटर अर्धं उघडं, एक्झॉस्ट फॅन चालू, हे सगळं अपुरं आहे. जनरेटर पूर्ण उघड्यावर, दार-खिडकीपासून किमान 20 फूट, धूर लोकांच्या उलट्या दिशेला. 20 फूट मोजताना फक्त तुमचं दुकान धरू नका, वरच्या मजल्यावरच्या खिडक्या आणि शेजारचा गाळाही धरा, आणि तेवढी जागा नसेल तर जनरेटर परत करून बॅटरीवाला इन्व्हर्टर घ्या.