राज्य सरकारला हवं तेवढं कर्ज काढता येतं का?

नाही. राज्यघटनेच्या कलम २९३(३) नुसार, ज्या राज्याकडे केंद्राचं कर्ज बाकी आहे त्याला नवं कर्ज काढायला केंद्राची परवानगी लागते. अशी थकबाकी बहुतेक सगळ्याच राज्यांकडे असते, म्हणजे चावी दिल्लीच्या हातात. पंधराव्या वित्त आयोगाने (केंद्र आणि राज्यांमध्ये कराचा पैसा कसा वाटायचा हे सुचवणारी संस्था) २०२३-२४ पासूनची वर्षाची साधारण मर्यादा राज्याच्या सकल उत्पन्नाच्या, म्हणजे सरकारच्या कमाईच्या नव्हे तर अख्ख्या राज्यात वर्षभरात होणाऱ्या उत्पादनाच्या, ३ टक्के सुचवली, वीज क्षेत्रात सुधारणा केल्यास वर अर्धा टक्का. याच मर्यादेवरून केरळ २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं.

माझ्या मते किती काढलं यापेक्षा कशासाठी काढलं हे आधी विचारावं. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. (पालिकेलाही राज्याची मंजुरी लागते बरं का.) त्यातला पाइप निदान जमिनीत दिसतो, आमच्या कोथरूडच्या गल्लीत मीटरच्या झाकणाला रोज ठेच लागते! पगार, पेन्शन आणि जुन्या कर्जाचं व्याज भागवायला काढलेलं कर्ज मात्र महिनाअखेरीला उधारीवर किराणा भरण्यासारखं. वाण्याची वही तेवढी जाड होते.