स्टेशनजवळच्या अपार्टमेंटच्या सुनावणीत काय बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॅसॅच्युसेट्समधलं बॉस्टनबाहेरचं टाउन, कम्युटर रेलच्या (उपनगरी गाड्यांच्या) स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर बंद पडलेली बँक आणि तिचं रिकामं पार्किंग. तिथे चार मजली अपार्टमेंट येऊ घातलंय. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विरोधाचा अर्ज फिरतोय, शेजारी सही मागतायत, आणि तुम्हाला मात्र ते व्हावं असं वाटतंय. सही करू नका. पण घरी गप्प बसूनही भागणार नाही, बांधकामाचे प्रस्ताव तपासणाऱ्या प्लॅनिंग बोर्डाच्या सुनावणीला जा.

आधी कायद्याचं बोलू, कारण ग्रुपवर कुणीतरी 'कोर्टाने कायदा उडवला' असं ठोकून दिलंय. तसं काही झालेलं नाही. एमबीटीए म्हणजे बॉस्टन परिसराची सार्वजनिक वाहतूक चालवणारी संस्था. तिच्या नावाचा एमबीटीए कम्युनिटीज कायदा जानेवारी 2021 चा. टी (बॉस्टनची मेट्रो) आणि कम्युटर रेलच्या टापूतल्या 177 टाउन-शहरांनी निदान एका भागात एकरी किमान 15 घरं, स्पेशल परमिटशिवाय, म्हणजे खास परवानगी मागायला न लावता, बांधू द्यायची असं तो सांगतो. मिल्टन टाउनच्या मतदारांनी फेब्रुवारी 2024 मध्ये टाउन मीटिंगने (टाउनचे ठराव करणाऱ्या सभेने) मंजूर केलेलं झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधता येईल याचे नियम, सार्वमतात पाडलं, तेव्हा राज्याच्या ॲटर्नी जनरल (मुख्य कायदा अधिकारी) कोर्टात गेल्या. जानेवारी 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि ॲटर्नी जनरलना तो पाळायला लावता येईल असंही म्हटलं. फक्त नियमावली रीतसर पद्धतीने काढली नव्हती म्हणून ती रद्द केली. राज्याने त्याच महिन्यात तातडीचे नियम आणले. विषय संपला.

आता ही 'एकरी 15 घरं'. इथल्या सभांमध्ये हा आकडा ऐकून लोकांना मॅनहॅटन दिसायला लागतं. एक एकर म्हणजे 40 गुंठे, म्हणजे दर घराला अडीच गुंठ्यांहून जास्त जागा! ठाण्या-डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला याला दाटी म्हणताना हसू येईल. डॉर्चेस्टर-वुस्टरचे शंभर वर्षांपूर्वीचे थ्री-डेकर (एकावर एक तीन घरांच्या इमारती) याहून दाटीने उभे आहेत. तुमच्याकडची इमारत चार मजल्यांची, म्हणजे आकडा 15 च्या बराच वर जाईल. जाऊ दे. स्टेशनजवळ नाही तर कुठे?

शाळेच्या मुद्द्यावर जरा सांभाळून. बिल्डरचा सल्लागार 'मुलं फारशी येणार नाहीत' असा तक्ता दाखवेल. तो तक्ता तुम्ही उचलून धरू नका. सगळ्या देशाच्या मानाने तो बरोबर असेलही, पण शाळा चांगल्या असलेल्या टाउनमध्ये आपलीच माणसं दोन बेडरूममध्ये दोन मुलं घेऊन राहतात आणि समोर बसलेल्या सगळ्यांना ते माहीत असतं. मुलं येतील असंच म्हणा. मग स्कूल डिपार्टमेंटकडून गेल्या दहा वर्षांची पटसंख्या मागवा. राज्यातल्या बऱ्याच टाउनमध्ये 2020 नंतर ती घसरली आहे. तुमच्याकडे तसं असेल तर 'वर्ग ओसंडतील' याला तिथेच उत्तर मिळतं. नसेल तर तो मुद्दा सोडून द्या.

पैशाचा मुद्दा मात्र जरूर मांडा, कारण तो कुणी नीट सांगत नाही. 1980 च्या प्रपोझिशन टू-अँड-अ-हाफ या राज्याच्या कायद्यामुळे टाउनला प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. जास्त हवं असेल तर ओव्हरराइडसाठी मतदान घ्यावं लागतं. या मर्यादेतून नवं बांधकाम वगळलेलं आहे. नव्या इमारतीचा टॅक्स त्या अडीच टक्क्यांच्या वर मोजला जातो. पगार, आरोग्य विमा आणि बर्फ उपसण्याचा खर्च अडीच टक्क्यांनी वाढतो असं कुठे आहे? ओव्हरराइडवरून दर दोन-तीन वर्षांनी भांडणाऱ्या टाउनने टॅक्स देणारी इमारत नाकारून बंद बँक जपायची, हे मला आजवर कळलेलं नाही.

'टाउनचं रूप बदलेल' असंही म्हणतील. ते बदलतंच आहे. पन्नाशीच्या दशकातलं केप किंवा रँच धाटणीचं छोटं घर विकलं जातं, पाडलं जातं आणि तिथे दुप्पट-तिप्पट मोठं, कित्येक लाख डॉलर महाग घर उभं राहतं. त्यासाठी सहसा ना अर्ज फिरतो ना सभा भरते, आणि टाउनमध्ये घर एकही वाढत नाही. मुलं कॉलेजला गेल्यावर चार बेडरूमचं घर विकून त्याच टाउनमध्ये, त्याच मित्रमंडळींत, लिफ्ट असलेल्या जागी राहायचं म्हटलं तर जागाच नाही. इथे आलेल्या आपल्या पहिल्या फळीतली बरीच मंडळी आत्ता नेमकी याच अडचणीत आहेत.

या एका इमारतीने भाडी उतरतील असं मात्र बोलू नका, कोणी विश्वास ठेवणार नाही. बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टन टाउनने 2023 मध्ये अशा घरांसाठी 227 एकर मोकळे केले तेव्हा हजाराच्या घरात घरांचे प्रस्ताव आले, आणि त्याच लेक्सिंग्टनने घाबरून मार्च 2025 मध्ये ते क्षेत्र निम्म्याहून कमी केलं. म्हणजे झोनिंग बदललं की घरं येतात, पण पाठीराखे सभेला आले नाहीत तर ते झोनिंग टिकत नाही.

सुनावणीत नाव आणि रस्ता सांगावा लागतो, बहुधा तीन मिनिटं मिळतात. बोलायला नागरिकत्व लागत नाही. एच-वन-बीवर असाल तरी चालतं, नागरिकत्व लागतं ते टाउन मीटिंगमध्ये मत द्यायला. प्लॉट नव्या झोनमध्ये असेल तर बोर्डाला इमारत सहसा नाकारता येत नाही, वाजवी अटी घालता येतात. म्हणून पाठिंबा दोन वाक्यांत द्या आणि उरलेला वेळ इमारतीच्या नकाशावर घालवा. डिलिव्हरीची गाडी कुठे थांबणार? रस्त्यात थांबली तर सकाळी स्टेशनला जाणाऱ्यांचा खोळंबा होईल. कचऱ्याचा डंपस्टर शेजारच्या कुंपणाला चिकटवलाय का? उपसलेला बर्फ कुठे टाकणार? तो दोन पार्किंगच्या जागा खातो आणि नकाशात कित्येकदा दाखवलेलाच नसतो. 21 डिसेंबरच्या दुपारची सावली कुणाच्या अंगणात पडते ते सावलीच्या तक्त्यात पाहा. त्या घरचं म्हणणं खरंच ऐकण्यासारखं असतं, आणि वरचा मजला थोडा मागे घ्या ही मागणी तुम्ही केलीत तर विरोधकांतला एखादा तरी नरम पडतो.

पार्किंगच्या जागा वाढवा असं मात्र चुकूनही म्हणू नका. तळघरातली एकेक जागा हजारो डॉलर खाते आणि तो भार भाड्यावर येतो.

बोलायचं नसेल तर प्लॅनिंग ऑफिसला चार ओळींची ईमेल पाठवा, सुनावणीच्या आधी पोचली तर नोंदीत जाते. ग्रुपवर वाद घालत बसू नका. आणि पहिल्या तारखेला निकाल लागेल असं धरू नका. सुनावणी एकदा तरी पुढे जातेच, त्यामुळे बेबीसिटरला दोन संध्याकाळी सांगून ठेवा.